डिमेन्शिया झालेल्या नवऱ्याला किंवा बायकोला जेवू घालताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात दोघंच, मुलं मुंबई-पुण्याला, आणि दोघांपैकी एकाला डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश, अशी घरं आता गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत गावोगाव आहेत. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा की भारतात साठीच्या पुढच्या माणसांत 7.4 टक्के, म्हणजे साधारण 88 लाख लोकांना हा आजार आहे. औषधांबद्दल डॉक्टर सांगतात, पण दिवसातून तीन-चार वेळा ताट घेऊन समोर बसायचं ते आपल्यालाच. मी माझ्या मिस्टरांना रोज भरवते, त्यामुळे इथे लिहिलेलं बरंचसं चुलीजवळचंच आहे, आणि जिथे डॉक्टरांना विचारणं भाग आहे तिथे तसं स्पष्ट सांगितलंय.

ताट समोर आलं की हे तोंड फिरवतात. मुद्दाम करतात का?

नाही हो, मुद्दाम नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर लिहिते. जेवण म्हणजे आपल्याला एकच काम वाटतं पण त्यात पाच कामं आहेत: भूक लागल्याचं कळणं, समोर आहे ते अन्न आहे हे ओळखणं, हाताने घास करून तोंडापर्यंत नेणं, चावणं, आणि गिळणं. या आजारात यातलं कुठलंही अडू शकतं आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. भूकच कळत नसेल तर वेळेवर आपणच बसवायचं, फोडणीचा वास घरात फिरू द्यायचा. ओळख पटत नसेल तर नाव घेऊन सांगायचं, "अहो, हे तुमच्या आवडीचं कुळथाचं पिठलं". हात अडला असेल, म्हणजे घासाकडे बघत बसतात पण सुरुवात करत नाहीत, तर त्यांच्या हातात चमचा देऊन त्यावर आपला हात ठेवायचा आणि पहिला घास दोघांनी मिळून उचलायचा, पुष्कळदा पुढचे घास ते स्वतःच घेतात. तोंड अडलं असेल तर दात, कवळी, हिरड्या, जिभेवरचा पांढरा थर बघा, कवळी सैल झाली की माणूस न सांगता जेवण सोडतो. आणि घसा अडला असेल तर खोकला, ठसका, पाणी नाकातून येणं ही चिन्हं दिसतात, त्याबद्दल खाली लिहिलंय.

आणि हो, अचानक दोन-तीन दिवसांत जेवण बंद झालं तर ते आजार वाढलाय म्हणून सोडून देऊ नका. लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, दातदुखी, नवीन सुरू झालेली गोळी, यातलं काहीतरी पुष्कळदा असतं आणि ते बरं होण्यासारखं असतं.

पांढऱ्या भाताकडे बघतही नाही ही, पण आमटी बोटाने चाटते. असं का?

कदाचित भात दिसतच नसेल. डोळे चांगले असले तरी मेंदूला रंगातला फरक लवकर कळत नाही, चकाकत्या स्टीलच्या ताटात पांढरा भात, वर खिडकीतला उजेड, म्हणजे तिला नुसती चमक दिसते. 2004 मध्ये बॉस्टनमधल्या संशोधकांनी अल्झायमर (डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) बळावलेल्या मोजक्याच रुग्णांना पांढऱ्याऐवजी भडक लाल ताटल्या आणि पेले दिले तर खाणं साधारण 25 टक्क्यांनी आणि पिणं 84 टक्क्यांनी वाढलं. अभ्यास लहान होता पण करून बघायला खर्च काहीच नाही. आपल्याकडे तर केळीचं पान परसात आहे, हिरव्यागार पानावर पांढरा भात उठून दिसतो, शिवाय पानावर जेवायची सवय हाताला लहानपणापासूनची. पान सरकतं म्हणून खाली ओलं फडकं घाला. चार वाट्या एकदम मांडू नका, एक वाढा, ते संपलं की दुसरं. टीव्ही बंद.

"आत्ताच जेवलो" किंवा "आज माझा उपास" म्हणून उठून जातात, काय करू?

वाद घालू नका, जिंकलात तरी जेवण होणार नाही. "बरं, मग माझ्याबरोबर नुसते बसा" म्हणायचं आणि समोर बसून आपण जेवायचं, समोरचा माणूस खाताना दिसला की हात आपोआप ताटात जातो. उपासाचं म्हणत असतील तर उपासाचंच द्या, वरीचा मऊ भात आणि दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, केळं, दूध. आयुष्यभर संकष्टी धरलेल्या माणसाला ती मोडायला लावणं त्याच्या मनाला लागतं, तारीख चुकली असली तरी. पण शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशी राहून चालणार नाही, ते पुढे वाचा.

जेवून पाच मिनिटं झाली नाहीत की परत मागतात, आणि शेजारी जाऊन "बायको जेवायला घालत नाही" असं सांगतात.

हे फार लागतं मनाला, माहितीये मला. वाडीतल्या माणसांना एकदा स्वच्छ सांगून टाका की आजारात जेवल्याचं लक्षात राहत नाही, लपवून ठेवलं की बोलणाऱ्यांना जास्त वाव मिळतो. घरात करायचं ते असं: ठरलेल्या जेवणाचेच दोन भाग करा, अर्धं आत्ता अर्धं तासाभराने. उष्टं ताट लगेच उचलू नका, दिसत राहिलं की थोडं समाधान असतं. मागितलं तर "जेवलात ना आत्ता" ऐवजी "भात शिजतोय, तोवर हे घ्या" म्हणून केळ्याचे दोन काप, अर्धा पेला ताक. फ्रंटोटेम्पोरल प्रकारच्या, म्हणजे मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागाला होणाऱ्या डिमेन्शियात मात्र खाण्यावरचा ताबाच सुटतो, माणूस दिसेल ते भराभर कोंबतो, अशा वेळी डबे नजरेआड नाहीतर कुलपात ठेवावे लागतात आणि त्यात क्रूरपणा काही नाही.

मासे बंद करायचे का? माश्याशिवाय यांना जेवण जातच नाही.

बंद करू नका. मालवणपट्टीतल्या माणसाची भूक माश्याच्या वासाने जागी होते, ती एवढी मोठी गोष्ट आपण आपल्या हाताने काढून घ्यायची नाही. फक्त काटा काढायची जी सवय होती, जिभेने काटा बाजूला करून ओठांतून काढायची, ती या आजारात जाते, आणि ज्यांनी जन्मभर बांगडा साफ करून खाल्लाय त्यांच्याबाबत आपल्याला हे पटकन खरं वाटत नाही. करली, पेडवे, तारली, मांदेली, बारीक काट्याचं सगळं ताटातून बाद. सुरमई किंवा पापलेट घ्या, सुरमईच्या मधल्या तुकड्याला मधला काटा मोठा असतो तो निघतो, पोटाकडचा तुकडा नको.

मी काय करते ते सांगते. तुकडा तळत नाही, कालवणात शिजवते, मग बाजूला काढून थंड झाला की चांगल्या उजेडात बसून बोटांनी कुस्करते, डोळ्यांनी नाही तर बोटांच्या टोकांनी काटा शोधायचा, अंगठा आणि तर्जनीमध्ये प्रत्येक चिमूट दाबून बघायची, एकदा झालं की ताटली फिरवून परत तेच. मग तो कुस्कर मऊ भातात कालवणाच्या दाट रसाबरोबर एकजीव करते. चश्मा लावूनच बसा आणि हे काम घाईत कुणावर सोपवू नका. कोळंबी अगदी बारीक चिरून, तिसऱ्या आणि कालवं वातड असतात म्हणून गिळायचा त्रास सुरू झाला की नुसता त्यांचा रस. जून-जुलैच्या बंदीत ताजं मिळत नाही तेव्हा अंड्याचं कालवण चांगलं, सुकट घातली तर खारटपणा बघा, बीपीवाले असतात.

आणि एक अगदी मनापासून सांगते, काटा लागला तर भाताचा कोरडा गोळा किंवा केळं गिळायला द्यायची जी पद्धत आपल्या घराघरात आहे ती या माणसांवर करायची नाही. गोळाच घशात अडकेल. सरळ डॉक्टरकडे न्या.

पेज देतानाच ठसका लागतो, ती तर पातळ असते ना?

पातळ आहे म्हणूनच लागतो. गिळणं मंदावलं की पाण्यासारखं पातळ सगळ्यात अवघड, कारण घसा बंद व्हायच्या आत ते खाली पळतं आणि श्वासनलिकेत जातं. त्यात पेज म्हणजे दोन गोष्टी एकत्र, वर निवळ आणि खाली शितं, तोंडाला एकाच वेळी पाणी सांभाळायचंय आणि शितं चावायचीत. हेच नारळाच्या रसातल्या शिरवाळ्यांचं (तांदळाच्या शेवयांचं), आमटीत बुडवलेल्या पोळीचं, मलई घातलेल्या शहाळ्याचं. उकड्या तांदळाची पेज सोडू नका, मऊसूत शिजवून रवीने किंवा मिक्सरमधून घोटून दाट एकजीव करा, तूप-मीठ घाला, चमचा तिरका केला की गोळा सरकून पडेल पण धार लागणार नाही एवढी दाट. नाचणीचं सत्त्व याला उत्तम. सोलकढी आंबट आणि थंड, त्या चवीने काहींचं गिळणं लवकर सुरू होतं, पण ती पातळ, तेव्हा ठसका लागणाऱ्यांना चमच्याने थेंब-थेंब चवीपुरतीच.

बसवायचं कसं हेही तितकंच महत्त्वाचं. खाटेवर पडल्या पडल्या कधीच नाही. खुर्चीत ताठ, पाय जमिनीला टेकलेले, हनुवटी किंचित खाली, आपण उभं राहून वरून भरवायचं नाही कारण त्यांची मान वर होते, समोर त्यांच्या उंचीला बसायचं. लहान चमचा, गिळल्याची खात्री, मगच पुढचा. जेवणानंतर अर्धा तास तरी बसवून ठेवायचं.

जेवताना आवाज ओला, घोगरा यायला लागला, वारंवार बारीक ताप, श्वास भरभर, नेहमीपेक्षा जास्त झोप, यातलं काही असेल तर छातीत इन्फेक्शन झालेलं असू शकतं, आणि काही जणांना खोकला न येताच अन्न फुप्फुसात जातं. डॉक्टरांना सांगताना "जेवताना ठसका लागतो" हे आधी सांगा. दाट करायची पावडर मेडिकलमध्ये मिळते पण कुणी तज्ज्ञांनी बघून सांगितल्याशिवाय सुरू करू नका, दाट पाणी आवडत नाही म्हणून माणूस पिणंच कमी करतो.

घास गालात धरून ठेवते, गिळतच नाही.

घास लहान करा. रिकामा चमचा खालच्या ओठाला लावला की पुष्कळदा गिळलं जातं. तिखट-मिठाच्या घासानंतर एक गोड घास द्या, आमरसाचा किंवा भोपळ्याच्या दाट खिरीचा, चव बदलली की तोंड पुन्हा काम सुरू करतं. जेवण झाल्यावर दोन्ही गालांत बघायचं, ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं, तोंडात बोट घालताना चावायची शक्यता असते म्हणून मऊ ब्रश वापरा. सकाळ-रात्र तोंड स्वच्छ ठेवलं की न्यूमोनियाचा धोका कमी होतो. तंबाखूची किंवा सुपारीची सवय असेल तर सुपारीचं खांड गालात राहून झोपेत घशात जातं, ती बंदच.

जेवताना घशात अडकलंच तर?

जोरात खोकत असतील तर खोकू द्या, पुढे वाकवा, पाणी पाजू नका, घशात बोटं घालू नका. आवाजच निघत नाही, चेहरा निळा पडतोय, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने जोरात पाच फटके. नाही निघालं तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर पाच झटके. परत पाच-पाच. कुणालातरी 108 लावायला सांगा. बेशुद्ध पडले तर जमिनीवर आडवं करून छाती दाबायला सुरुवात. हे कुणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून घ्या, नुसतं वाचून हात चालत नाहीत.

नुसतं गोडच हवं असतं, आणि डायबेटिस आहे.

चवी बोथट होत जातात, गोड सगळ्यात शेवटपर्यंत कळतं, म्हणून हे होतं. उतारवयात आणि या आजारात डॉक्टर शुगरचं टार्गेट बरंच ढिलं ठेवतात, तेव्हा तरुणाचं पथ्य लावायच्या आधी विचारा. माझ्या मते जास्त भीती उलटी आहे: गोळी किंवा इन्सुलिन दिलं आणि नंतर जेवलेच नाहीत तर शुगर एकदम खाली जाते, घाम, थरथर, गोंधळ, आणि गोंधळ तर रोजचाच म्हणून लक्षातही येत नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर जेवण अनियमित झालंय हे डॉक्टरांना सांगाच, डोस बदलता येतो.

गोळ्या चुरडून भातात घातल्या तर चालतात का?

सगळ्या नाही. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर असं असेल तर त्या हळूहळू विरघळायच्या असतात, चुरडल्या तर सगळा डोस एकदम जातो. मेडिकलवाल्याला प्रत्येक गोळी दाखवून विचारा, पुष्कळ औषधं सिरपमध्ये असतात. पूर्ण जेवणात कधीच कालवू नका, कडू लागलं की ते जेवणच नकोसं होतं, एका चमचाभर आमरसात द्या. आणखी एक, डोनेपेझिल, रिवास्टिग्मिन या स्मरणशक्तीच्याच गोळ्यांनी मळमळ, जुलाब, भूक मरणं होऊ शकतं. गोळी सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर जेवण घटलं असेल तर ते सांगा, रिवास्टिग्मिनचा पॅच मिळतो, त्याने पोटाचा त्रास कमी होतो. स्वतःहून बंद मात्र करू नका.

मला स्वयंपाक येत नाही, सगळं आयुष्य हिनेच केलं. आता काय करू?

सगळं यायची गरज नाही, चार गोष्टी आल्या तरी पोट भरतं. मऊ भात कुकरला जास्त पाणी आणि जास्त शिट्ट्या घालून, त्यात मूगडाळ आणि तूप. नाचणीचं सत्त्व, आधी थंड पाण्यात कालवायचं मग उकळत्या दुधात ओतून ढवळत राहायचं, नाहीतर गुठळ्या. उकडलेलं अंडं कुस्करून. घावणे वाडीतल्या बचत गटाच्या बायका करून देतात, पीठ सांगून ठेवा. वजन उतरत असेल तर प्रत्येक गोष्टीत तूप, नारळाचं दाट दूध, दाण्याचं कूट, कमी घासांत जास्त ताकद.

आणि भाऊ, तिला स्वयंपाकघरातून बाहेर काढू नका. गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद, सुरी-विळी नजरेआड, पण कोथिंबीर निवडायला द्या, वाटाणे सोलायला द्या. हात कामाला लागले की भूकही लागते. चमचा जमत नसेल तर हातात धरून खाण्यासारखं द्या, आंबोळीचे तुकडे, रताळ्याच्या फोडी, केळ्याचे काप, फिरता फिरता खाल्लं तरी खाणंच आहे.

पाणी पीतच नाहीत.

तहान कळत नाही. मोठा तांब्या ठेवून उपयोग नाही, दर तासाला रंगीत पेल्यातून थोडं थोडं, आपणही हातात पेला घेऊन. ताक, कोकम सरबत, कलिंगडाची बी काढलेली फोड, सगळं पाण्यातच धरा. लघवी गडद आणि उग्र वासाची झाली तर पाणी कमी पडतंय. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर किती द्यायचं ते डॉक्टर ठरवतील.

गणपतीत घर भरतं आणि यांचं जेवण बंद होतं.

चाकरमानी आले, आरत्या, झांजा, पंगत, आपल्याला आनंद पण त्यांच्यासाठी पंधरा अनोळखी चेहरे. त्यांचं पान आधी, मागच्या पडवीत, आपण दोघांनीच. मग पंगतीत पाच मिनिटं बसवा, सगळ्यांसमोर भरवू नका. मोदकाची पारी घशाला चिकटते, आतलं सारण मऊ करून दुधात घोटून द्या. घरी आलेल्या लेका-सुनेला एकदा भरवायला बसवा, फोनवरून "आई, बाबांना नीट देतेस ना" विचारणाऱ्यांना तेवढ्यातच समजतं.

खायचं नाही तेही तोंडात घालतात.

देवघरातला कापूर सगळ्यात आधी उचला, थोडा जरी पोटात गेला तरी झटके येऊ शकतात. फिनेल, साबण, डांबरगोळ्या, उंदराचं औषध कुलपात. काजूच्या हंगामात ओल्या बिया अंगणात पसरलेल्या असतात, सालातल्या डिंकाने तोंड भाजतं. जांभळं, करवंदं, आंब्याचा बाठा, बी काढल्याशिवाय हातात नाही.

वजन किती उतरलं की घाबरायचं?

महिन्यातून एकदा त्याच काट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहा. महिन्यात 5 टक्के किंवा सहा महिन्यांत 10 टक्के उतरलं, म्हणजे 60 किलोच्या माणसाचं महिन्यात 3 किलो, तर दाखवा.

डॉक्टर म्हणतात नाकातून नळी घालूया. घालावी का?

हे सगळ्यात जड. आधी विचारा, अडचण तात्पुरती आहे का? इन्फेक्शन, ऑपरेशन, नुकताच आलेला पॅरालिसिस, अशात काही दिवसांच्या नळीने माणूस परत जेवायला लागू शकतो. पण डिमेन्शियाच शेवटच्या टप्प्यात पोचला असेल, बोलणं-चालणं गेलं असेल, तर ज्येष्ठांवर उपचार करणाऱ्यांच्या अमेरिकन जेरिअ‍ॅट्रिक्स सोसायटीने 2014 मध्ये आणि उपचार कसे करावेत ते सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2018 मध्ये अशा नळ्या सरसकट घालू नयेत असंच सांगितलंय. नळीने आयुष्य वाढल्याचं दिसलेलं नाही, न्यूमोनिया टळत नाही, माणूस ती उपटतो, मग हात बांधावे लागतात. त्याऐवजी सावकाश हाताने भरवणं, जेवढं घेतील तेवढंच, नको म्हटलं की थांबणं. त्या टप्प्यात शरीरच अन्न मागत नाही, ओठ ओले ठेवणं, तोंड पुसणं हीसुद्धा सेवाच. नातेवाईक "उपाशी ठेवलं" म्हणतील. मुलांना डॉक्टरांसमोर बसवूनच हा निर्णय घ्या, आणि शक्यतो हॉस्पिटलमध्ये धावत जायच्या आधी, घरी शांतपणे.

त्यांना भरवून होईस्तोवर माझी भूक मरते.

मग आधी तुम्ही जेवा, किंवा बरोबर. नवऱ्याच्या आधी जेवायचं कसं हा विचार आपल्या पिढीच्या बाईला सोडवत नाही, पण चक्कर येऊन तुम्ही पडलात तर त्यांना बघणार कोण? त्यांनी ताट ढकललं, थुंकलं, राग आला, तर ताट ठेवा, बाहेर पडवीत जा, वीस मिनिटांनी परत या. एक जेवण चुकलं म्हणून काही होत नाही, डायबेटिसची औषधं चालू असतील तेवढंच सांभाळा. आठवड्यातून एखादं जेवण दुसऱ्या कुणाच्या हातून होऊ दे.

कुठे दाखवायचं, कुणाला विचारायचं?

गिळायच्या त्रासासाठी स्पीच थेरपिस्ट लागतात, नावावरून वाटत नाही पण गिळणं तपासायचं काम त्यांचंच. आपल्याकडे ते कमी, तेव्हा आधी रत्नागिरी किंवा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात विचारा, सिंधुदुर्गातले लोक बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजला जातात, मुंबईला मुलांकडे जाणार असाल तर नायर हॉस्पिटलमध्ये किंवा वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवणाच्या संस्थेत. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन एल्डरलाइन 14567, आणि तुम्हाला स्वतःलाच बोलावंसं वाटलं तर मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस 14416, दोन्हीवर मराठीत बोलता येतं. जाताना जेवतानाचा छोटा व्हिडिओ मोबाइलवर काढून न्या, चेहरा, मान आणि घसा दिसेल असा, आणि चालू गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून.